पांढरीवरच्या काठ्या

गुळाची कढई पाण्यात सोडली की ती सरळ जात नाही. होडीला पुढचं टोक असतं, कढई चारी बाजूंनी सारखी. उजवीकडं वल्हं मारलं तर डावीकडं फिरते, डावीकडं मारलं तर उजवीकडं, आणि नवखा माणूस घामाघूम होऊन बघतो तर काठ होता तिथंच असतो. आबा, म्हणजे माझे वडील, वल्हं बाजूला मारायचेच नाहीत. ते पुढं वाकून पाण्यात खुपसायचे आणि आपल्या पोटाकडं ओढून घ्यायचे, आडातून पोहरा शेंदावा तसं. मग ती अवजड काळी कढई मुकाट्यानं पुढं सरकायची. मी दहावीच्या वर्षापर्यंत हे शिकले होते. त्या वयात मला इंग्रजीतली क्रियापदं येत नव्हती, पण वारा कुठून आला तर कढई कुणीकडं ढळणार, हे बसल्या जागी कळायचं.

ही कढई आमच्याकडं आली ती गुऱ्हाळं बंद पडल्यावर. सहकारी कारखाना निघाला आणि भागातला सगळा ऊस तिकडं जायला लागला. आबा त्याआधी गुळाच्या आधणावर काम करायचे. मालकानं गुऱ्हाळ मोडलं तेव्हा कढई कुणालाच नको होती, ती आबांनी मागून आणली. पुढं ते आणि माय दर दिवाळीनंतर त्याच कारखान्याचा ऊस तोडायला जायचे. मी नववीत गेले तेव्हा मायनं कोयता ठेवला. "पोरीची शाळा बुडतीय. ह्या साली न्हाई जायचं," एवढंच ती म्हणाली. आबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि कढईला बुडाकडून डांबर लावायला घेतलं. धरणात आमचं जुनं गाव गेलं होतं, नवं गाव माळावर वसवलं होतं, आणि शाळा होती तलावापलीकडच्या मोठ्या गावात. जुना रस्ता पाण्याखाली. वळसा घालून जायचं म्हणजे अर्धी सकाळ चालणं. म्हणून आबा लोकांना कढईतून पलीकडं सोडायचे. आजारी माणसं, केजच्या बाजाराला निघालेल्या बायका, त्यांच्या कोंबड्या, आणि रोज मी.

काळ्या कढईचा एक गुण आम्हालाही उशिरा कळला. पाखरं तिला भीत नसत. आपण तिच्यात खाली पोत्यावर बसलो, डोकं काठाच्या वर फारसं काढलं नाही आणि बोललो नाही, तर त्यांना ती पाण्यात डुंबणारी म्हैस वाटत असावी. एकदा एक पाणकावळा सरळ काठावर येऊन बसला, पंख पसरून वाळवत राहिला, आणि त्याच्या पंखांतलं पाणी माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर ठिबकत होतं. आबांनी वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं. त्या दिवशी माझा पहिला तास चुकला. गुडघाभर पाण्यात उभे राहणारे बगळे, डोकं तेवढं वर काढून जाणारी पाणदिवड, थंडीत येणारी तांबूस चक्रवाकं, पहाटे गवतात खुसफुसणारं पाणमांजराचं कुटुंब, हे सगळं मी शाळेला जाता जाता पाहिलं. मागच्या वर्षी माझ्या नातवानं मला एका मोठ्या धरणावर नेऊन प्लॅस्टिकच्या लांबट होडीत बसवलं. तिला कयाक म्हणतात. अंगात नारिंगी बंडी, हातात दोन तोंडांचं वल्हं. शिकवणारा मुलगा म्हणाला, "आजी, शांत बसलात तर पक्षी जवळून दिसतील." मी बरं म्हणाले. मुलगा भला होता. पण ती होडी फारच शहाण्यासारखी सरळ जात होती.

मग तो दुष्काळ आला. आमच्याकडं दुष्काळ एका दिवसात येत नाही. आधी विहिरीच्या तळाचा चिखल बादलीत यायला लागतो, मग सोयरे लग्नं पुढं ढकलतात, मग गावातली बैलं एकेक करून दिसेनाशी होतात. त्या वर्षी ऊसही नव्हता, कारखाना लवकर थंडावला आणि तोडीला गेलेली माणसं रिकाम्या गाड्या घेऊन परत आली. रोजगार हमीवर खडी फोडायचं काम निघालं. माय तिथं जायची. संध्याकाळी तिच्या पापण्यांवर पांढरी धूळ असायची आणि ती चुलीपुढं बसली की जाळाच्या उजेडात म्हातारी दिसायची. रात्री हुलग्याचं माडगं, सकाळी रेशनच्या ज्वारीची भाकरी आणि येसराच्या मसालेदार पिठाचं पातळ कालवण. आबांना एखाद्या दिवशी झिंगे मिळाले तर माय ते तव्यावर लाल मिरचीत परतायची, आणि त्या वासानं शेजारची गंगूमावशी हातात भाकरी घेऊनच दारात यायची. "मी काय मागायला न्हाई आले बाई," ती म्हणायची, "वास लई जोरात आला, म्हणून बगायला आले." माय तिच्या भाकरीवर चमचाभर झिंगे ठेवायची आणि म्हणायची, "बगून झालं का? आता खा."

तलाव आटत गेला तसं पाण्यातून आमचं जुनं गाव वर यायला लागलं. आधी देवळाचं जोतं, मग पांढरी. गाव ज्या पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर वसतं त्याला आम्ही पांढरी म्हणतो. चहूबाजूंनी पाणी आणि मधे ती भुरी, उघडी पाठ. होळीच्या सुमारास एके सकाळी आम्ही कढई जवळून नेली, तर आकाशात नुसता कल्ला. करड्या पंखांची, काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची पाखरं, शेपटी कातरीसारखी दुभंगलेली. त्यांना पुस्तकात नदी सुरय म्हणतात हे मला पुढं कॉलेजात कळलं. आम्ही त्यांना कातऱ्या म्हणायचो. उघड्या मातीत नुसता ओंजळीएवढा खळगा, त्यात मातीच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची अंडी. काडी नाही, गवत नाही. डोळ्यांदेखत असून दिसायची नाहीत.

आबा कढईतून उतरले, पाय जपून टाकत थोडे वर गेले आणि थांबले. "हितं आपली वसरी होती," ते म्हणाले. "अन् ती बसली हाय ना, ती तुझ्या मायच्या चुलीवर बसली हाय."

मी हसले. आबा हसले नाहीत. ते बराच वेळ त्या पाखराकडं बघत होते. ऊन चढल्यावर ते पाखरू उठायचं, पाण्यावर जाऊन पोट भिजवायचं आणि येऊन पुन्हा अंड्यांवर बसायचं. तापलेल्या मातीत अंडी शिजू नयेत म्हणून. संध्याकाळी आबांनी मायला हे सांगितलं. माय भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "माझ्या चुलीवर बसली अन् अंडी शिजू देईना. बाईच हाय ती नक्की."

पुढं पाणी आणखी उतरलं आणि पांढरीला एका बाजूनं काठाशी जोडणारी चिखलाची अरुंद वाट उघडी पडली. मग माणसं तिथं जायला लागली. जुन्या घरांचे दगड उकरायला, वाळलेली बाभळीची खोडं आणायला, काही नुसती आपलं घर बघायला. शेळ्याही जायच्या. अंडी पायाखाली जायची भीती होती. आमच्याकडं नांगराच्या वाटेत टिटवीची अंडी आली की शेतकरी नांगर उचलून पुढं टेकवतो आणि खुणेला काठी रोवतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही, लहानपणापासून दिसतं. आबांनी तेच केलं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या काठ्या गोळा केल्या, मायनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून दिल्या, आणि आम्ही तिघांनी मिळून प्रत्येक खळग्याजवळ एक काठी रोवली. वरून कातऱ्या ओरडत घिरट्या घालत होत्या. लोकांना सांगावं लागलं नाही. गंगूमावशी दगड आणायला गेली होती, ती येऊन म्हणाली, "काय गं, सगळा गाव परत वसविला तुमी. माझ्या घरात तर दोन बिऱ्हाडं दिलीत. भाडं कुणी घ्यायचं?"

आता चेअरमनसाहेबांबद्दल लिहायला हवं, आणि ते मी जपून लिहिते. मी ज्या शाळेत शिकले ती त्यांच्या संस्थेची. माझी फी माफ झाली ती त्यांच्या शब्दावर. दहावीला मी पहिली आले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता आणि माझ्या घराण्यात मी पहिली पदवीधर झाले त्यात त्या शाळेचा वाटा आहे. हे मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. त्यांची दूध सोसायटी होती, विकास सोसायटी होती, आणि धरण झाल्यावर गाळपेर सोसायटी निघाली तिचेही चेअरमन तेच. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पीक घेणं म्हणजे गाळपेर. ती जमीन ज्यांची घरं-शेतं बुडाली त्यांनी मिळून कसायची, असं ठरलं होतं. चेअरमनसाहेबांचा एक गुंठाही बुडाला नव्हता. सभासदांत आबांचंही नाव होतं, पण गाळपेर कोण पेरतो हे आम्हाला बांधावरून जाताना दिसायचं.

एका दुपारी त्यांची जीप आमच्या दारात थांबली. ते धरणाच्या भिंतीवरून येत होते. उतरले नाहीत, आतूनच हाक मारली.

"नामदेवा! लई शाना झालास का बे?"

आबा हात पुसत बाहेर गेले. "काय झालं, साहेब?"

"पांढरीवर काठ्या कुणी रोवल्या?"

"मी रोवल्या."

"वर तोंडानं सांगायलास! ताबा मारायलास? सोसायटीत सभासद म्हणून तुला मी घेतलं अन् मलाच आखणी करून दाखवायलास?"

आबांना आधी कळलंच नाही. मग ते हसले, अगदी मोकळं, एखादी गंमत उलगडल्यावर हसावं तसं. "ताबा न्हाई, साहेब. अंडी हायत तिथं. पाखरांची. कुणाचा पाय पडू नई म्हणून खुणा केल्यात."

चेअरमनसाहेबांनी ड्रायव्हरकडं पाहिलं. "ऐकलं का रे? अंडी हायत म्हणं. ह्यो दुष्काळात पाखरं पाळायलाय."

मी दारात उभी होते. मला राहवलं नाही. "खरंच अंडी हायत, सर. तुम्ही चला, मी दाखवते. कढईतून दोन मिनिटांत—"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. ती नजर मी विसरलेले नाही. "आता समजलं," ते आबांना म्हणाले. "तुझं न्हाई हे डोकं. हिचं हाय. शिकवलं कशापायी, तर आमच्याच जमिनीवर काठ्या रोवायला."

जीप धूळ उडवत गेली. आबा तरीही निवांत होते. "सकाळी मी जातो त्यांच्या वाड्यावर. नीट समजून सांगतो," ते म्हणाले. एका माणसाला काठी आणि चिंधी दिसली की ताबाच दिसावा, अंडी दिसूच नयेत, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी पुष्कळ पुस्तकं वाचली, सरकारी नोकरीत पुष्कळ माणसं पाहिली, मला ते आता समजतं. समजल्यानं राग कमी झालेला नाही.

सकाळी आम्ही कढई पाण्यात ढकलत होतो तेव्हाच ट्रॅक्टरचा आवाज आला. तो चिखलाच्या वाटेनं पांढरीवर चढला होता. मागे नांगराचे फाळ. आम्ही निम्म्या पाण्यात होतो. आबा इतक्या जोरानं वल्हं ओढत होते की कढई पुढं जाण्याऐवजी गरगर फिरायला लागली, आणि मला एकदा ट्रॅक्टर दिसायचा, एकदा आमचं गाव, एकदा धरणाची भिंत, पुन्हा ट्रॅक्टर. पाखरं ढगासारखी वर उठली होती. आबा ओरडत होते, "थांब! आरं थांब!" पण इंजिनापुढं कुणाला ऐकू येणार? आम्ही पोचलो तेव्हा पांढरीवर ढेकळं होती आणि ढेकळांत मोडलेल्या पऱ्हाट्या. मायच्या लुगड्याची हिरवी चिंधी एका फाळाला गुंडाळली होती.

आबा गुडघ्यांवर बसून ढेकळं उलटू लागले. एका ढेकळाखाली एक अंडं अख्खं सापडलं, आणि जवळच पिवळट लवेचं एक पिल्लू, मान मोडलेलं. ती दोन्ही तळहातावर घेऊन ते उभे राहिले तेव्हा जीप आली.

चेअरमनसाहेब उतरले. तावातावानं चार पावलं आले आणि आबांचा हात बघून थांबले. खाली वाकून त्यांनी ते अंडं नीट पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला. ते हसले. मोठ्यानं, मनापासून.

"हात् तुज्या! अंडीच होती की रं!" त्यांनी आबांच्या पाठीवर थाप मारली. "आन् मी रात्रभर झोपलो न्हाई. म्हटलं नामदेवसारखा माणूस बदलला तर कुणावर भरवसा ठेवायचा? चल, घरी चहाला चल. ये गं पोरी तू बी. खरं बोललीस तू."

ट्रॅक्टरवाला हसला. आणि आबाही हसले. हात तसाच पुढं धरून, तोंड कसंनुसं करून, हसले. त्यांच्या मजुरीचं, माझ्या शाळेचं, सगळं त्या माणसाच्या हातात होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. नांगर फिरला त्याचा राग वर्षांनी विरला. दुष्काळात माणसं चुका करतात, रात्रभर झोप न झालेली माणसं जास्त करतात. त्या हसण्याचा मात्र विरत नाही. आपण काय मोडलं हे डोळ्यांपुढं असताना, आपलं काही गेलं नाही म्हणून सुटल्यासारखं हसणं, आणि ज्याचं मोडलं त्यालाही सोबत हसायला लावणं. पुढं कचेऱ्यांत, बैठकांत, निवाड्यांत मी ते हसू पुष्कळदा ऐकलं. प्रत्येक वेळी माझे कान तापले.

एवढ्यात खडीच्या कामाला निघालेली माय चिखल तुडवत तिथं आली. आवाज ऐकून आली होती. तिनं ढेकळं पाहिली, आबांचा हात पाहिला. पदर सावरला आणि चेअरमनसाहेबांपुढं उभी राहिली. माझ्या आठवणीत ती त्यांच्याशी थेट बोलली ती एवढी एकदाच.

"साहेब, नांगरलंच हाय तर आता चारा तरी पेरा. ओल हाय. कडवळ येईल. गुरांच्या छावणीत जनावरं हाडं झाली हायत."

"बगू," ते म्हणाले. "बगू की, बाई. तेच करायचं."

काही पेरलं नाही. चारा पेरला असता तर मी हे प्रकरण लिहिलं नसतं; उपाशी जनावरापुढं पाखराचं अंडं मोठं म्हणायची माझी हिंमत नाही. पण तो नांगर पेरायला फिरलाच नव्हता. कुणी घेऊ नये एवढ्यासाठी फिरला होता. पावसाळ्यात पाणी येईपर्यंत ती जमीन तशीच उघडी पडून होती, नांगराच्या तासांत ऊन साचवत. ओल उडून गेली. गावात जनावरं मरत होती.

आबा चहाला गेले. जाणं भाग होतं. परत आले तेव्हा मायनं ताट वाढून पुढं सरकवलं. ताटात भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. पहाटे आम्ही कढई सोडली. पांढरीवर कातऱ्या अजून होत्या. खळगे नव्हते, अंडी नव्हती, तरी त्या ढेकळांवर उतरत होत्या, उठत होत्या, पुन्हा उतरत होत्या. आमची कढई जवळून जायला लागली तशी एक सरळ खाली आली. मग दुसरी. मग सगळ्याच. आजवर त्यांनी कढईकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. आता एकीची चोच माझ्या भांगात बसली, हात लावला तर बोटाला रक्त. एकीनं आबांचा पटका उडवून पाण्यात पाडला. मी वल्हं हिसकून त्यांना हाकलायला उचललं.

आबांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. मारू दे त्यांला."

"पर आबा, आपण काय केलंय त्यांचं?" मला रडू फुटलं होतं. "आपण तर—"

"काय न्हाई केलं. पर त्यो जीपमधी हाय. त्यांच्या चोचीला घावणारं आपणच हाव."

त्यांनी माझ्या हातातून वल्हं घेतलं, मला खाली पोत्यावर वाकून बसायला सांगितलं आणि स्वतः ताठ बसले, उघड्या डोक्यानं. पुढं वाकून वल्हं पाण्यात खुपसायचे, पोटाकडं ओढायचे. वरून चोची बसत होत्या. पांढरी मागं पडेपर्यंत त्यांनी डोक्याला एकदाही हात लावला नाही, आणि कढईचा वेगही वाढवला नाही.